सुकाळातले प्रजनन

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अलैंगिक प्रजननाचा भाग अवघ्या काही पानांत आटोपतो. अमिबाचे साधे द्विविभाजन, पॅरामेशिअमचे आडवे, युग्लीनाचे उभे, यीस्टचे कलिकायन, हायड्राचे मुकुलायन, स्पायरोगायराचे खंडीभवन, बुरशीचे बीजाणू, आणि प्रत्येकासोबत नावे दिलेली एक आकृती. ज्या मराठवाड्यात ‘लातूर पॅटर्न’ने नेमके उत्तर नेमक्या ओळींत लिहिण्याची शिस्त लावली, तिथे ही यादी मुले झोपेतही म्हणून दाखवतील, आणि पाठ असण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. मात्र अकरावीला आलेल्या अशाच एखाद्या हुशार मुलाला ‘हे सजीव असे कधी करतात आणि कधी करायचे थांबतात’ असे विचारले, की तो गडबडतो, कारण हा प्रश्न कुठल्याच प्रश्नसंचात नसतो. जीवशास्त्र शिकवताना मला प्रकारांच्या यादीपेक्षा या ‘कधी’चे मोल अधिक वाटत आले आहे. संख्या वाढवणे आणि दोन वंशांच्या जनुकांची सरमिसळ करणे ही मुळात दोन वेगळी कामे आहेत. माणसात आणि गाई-म्हशींत ती एकाच वेळी उरकली जात असल्यामुळे आपण दोन्हींना मिळून प्रजनन म्हणतो. साध्या सजीवांत ती सुटी सुटी दिसतात; बहुतेकदा पहिले सुकाळात आणि दुसरे दुष्काळात.

सुरुवात विरजणापासून करते, कारण संख्यावाढीचे गणित तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. एक लिटर कोमट दुधात चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, विरजण घातले की कालच्या दह्यातील जिवाणू २०० पट विरळ होतात. सकाळपर्यंत ते पुन्हा कालच्याइतके दाट झाले की दही लागले. २०० पट होण्यासाठी किती वेळा दुप्पट व्हावे लागेल? सातव्या दुपटीला १२८ पट होतात आणि आठव्या दुपटीला २५६ पट, म्हणजे एका विरजणात सात ते आठ पिढ्या होऊन जातात. विरजणात सुरुवातीला जिवाणू किती होते याच्याशी या उत्तराचा संबंध नाही. ते फक्त चमचा आणि पातेले यांच्या प्रमाणावर ठरते. ज्या घरात रोज विरजण लागते त्या घरातील दह्याच्या वर्षाला अडीच हजारांहून अधिक पिढ्या होतात. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली, तर तेवढ्या पिढ्यांना आपल्याला सत्तर हजार वर्षांच्या जवळपास काळ लागला असता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ अंशांच्या आसपास असतो तेव्हा हेच काम दुपारच्या तीन-चार तासांत होते, आणि थंडीत पातेले ज्वारीच्या कणगीत पुरून किंवा गोधडीत गुंडाळून ठेवावे लागते, कारण या जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब सर्वाधिक मानवते.

दह्याचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, वाळवून, मिथिलीन ब्लूने रंगवला, तर कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही निळे ठिपके माळेत ओवल्यासारखे दिसतात आणि अधूनमधून लांबट कांड्या दिसतात. माळा स्ट्रेप्टोकॉकसच्या आणि कांड्या लॅक्टोबॅसिलसच्या. त्यांतील प्रसिद्ध जातीला बल्गेरिकस हे नाव मिळाले, कारण १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकशास्त्रज्ञाने ती आपल्या देशातील दह्यात ओळखली. माळ तयार होते ती विभाजनानंतर पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत म्हणून. त्यामुळे माळेतील शेजारच्या दोन पेशी बहुधा थोड्याच वेळापूर्वी एक होत्या, हे काचपट्टीवर बोट ठेवून सांगता येते.

विभाजनाची रीत थोडक्यात अशी. जिवाणूचा डीएनए वर्तुळाकार असतो, त्याची प्रत तयार होते, पेशी लांबते, मध्यभागी एफटीएस-झेड नावाच्या प्रथिनाचे कडे तयार होऊन आवळत जाते आणि नवी भिंत उभी राहते. यातील गमतीचा भाग मात्र पुस्तकात नसतो. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूला अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी विभागता येते, परंतु त्याच्या डीएनएची पूर्ण प्रत काढायलाच सुमारे ४० मिनिटे लागतात आणि त्यानंतर पेशी विभागायला आणखी सुमारे २० मिनिटे. मग हिशेब जुळतो कसा? पहिली प्रत पुरी होण्याआधीच दुसरीची सुरुवात होते, म्हणजे नातीला लागणारी प्रत आजीच्या पोटातच निघू लागलेली असते. सुकाळात घाई किती टोकाला जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या वेगाला आवर घातला नाही, तर एका ई. कोलाय पेशीची संतती दोन दिवसांत पृथ्वीच्या वजनाच्या काही हजार पट भरेल, असा हिशेब निघतो. तसे होत नाही, कारण सुकाळ संपतो. दह्याच्या बाबतीत तर तो जिवाणू स्वतःच संपवतात: दुधातील लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करता करता सामू ४.६ च्या आसपास येतो, केसीन हे दुधातील प्रथिन गोठते, आणि आम्ल आणखी वाढत गेले की त्यांचे स्वतःचेच विभाजन मंदावते. दही आंबटढाण झाले असे आपण म्हणतो तेव्हा पातेल्यातील लोकसंख्यावाढ जवळजवळ थांबलेली असते.

जिवाणू सरमिसळ करत नाहीत असे मात्र नाही. जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ साली दाखवून दिले, की दोन प्रकारचे ई. कोलाय एकत्र वाढवले तर एकाची जनुके दुसऱ्यात जातात. एक पेशी दुसरीशी जोडली जाते, डीएनएचा काही भाग पलीकडे सरकतो आणि दोघी आपापल्या वाटेने जातात. येथे नवी पेशी जन्मालाच येत नाही, फक्त जुनीच्या अंगात नवी जनुके येतात, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके एका जातीतून दुसरीत पसरतात त्यातील एक मोठा मार्ग हाच आहे.

एक पायरी वर चढून पॅरामेशिअम या एकपेशीय सजीवाकडे येऊ. परदेशी पुस्तकांत त्यासाठी वाळलेले गवत भिजवायला सांगतात; आमच्याकडे कडबा त्याहून चांगला. कडब्याची दोन-तीन कांडी चिरून पाण्यात उकळावीत, पाणी गार झाल्यावर त्यात तळ्याचे किंवा बारवेचे कपभर पाणी घालावे आणि बरणी उन्हापासून दूर ठेवावी. काही दिवसांत पाण्यावर पातळ साय धरते, वास सुटतो (या टप्प्यावर प्रयोगशाळा मदतनीस बरणी फेकून देण्याची परवानगी मागतात, ती देऊ नये), आणि सायीतील जिवाणूंवर पोसलेले पॅरामेशिअम थेंबाथेंबात दिसू लागतात. पुष्कळशा धावत्या पेशींत एखादी जरा संथ आणि लांबट दिसते. तिच्या मध्यावर कंबरेसारखी खाच पडलेली असते, दोन्ही टोकांचे पक्ष्माभ (केसांसारखे बारीक तंतू) हलत असतात, दोन्ही अर्ध्यांत संकोची रिक्तिका (जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पोकळ्या) आळीपाळीने फुगतात आणि मिटतात. खाच खोल होत होत दोघींमध्ये एक बारीक दुवा उरतो, तो पीळ पडून तुटतो, आणि दोन आखूड पेशी वेगळ्या दिशांना निघून जातात. खाणेपिणे चांगले असेल तर हे दिवसातून एकदा ते तीनदा घडते.

आता बरणीतील जिवाणू संपत आले की काय होते ते पाहावे. उपाशी पडू लागलेल्या, वेगवेगळ्या संयुग्मन-प्रकारांच्या, म्हणजे एकमेकींशी जोडी जमू शकणाऱ्या, पेशी दोन-दोन करून एकमेकींना तोंडाच्या बाजूने चिकटतात. दोघींतील लहान केंद्रकाचे अर्धसूत्री (गुणसूत्रे निम्मी करणारे) विभाजन होते, प्रत्येकीचे एक केंद्रक दुसरीत जाते, आणि काही तासांनी त्या सुटतात. दोन आल्या होत्या, दोनच गेल्या. संख्या एकानेही वाढली नाही, परंतु दोघींचा जनुकसंच बदलला. विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग सर्वांत आधी शिकवते, कारण सरमिसळ म्हणजे वाढ नव्हे हे येथे डोळ्यांना दिसते.

मग सरमिसळ न करता नुसते विभागत राहिले तर? अमेरिकेतील येल विद्यापीठाचे लोरँड वुडरफ यांनी १९०७ साली एका पॅरामेशिअमपासून वंश सुरू केला आणि तयार होणाऱ्या पेशी सतत वेगळ्या काढत राहून त्यांना संयुग्मनाची संधीच मिळू दिली नाही. वर्षे गेली, हजारो पिढ्या झाल्या, वंश धडधाकट राहिला. अलैंगिक प्रजनन अनंत काळ चालू शकते असा निर्वाळा त्यातून जवळजवळ मिळालाच होता. परंतु वुडरफ यांनाच सहकारी ऱ्होडा एर्डमन यांच्यासह १९१४ साली दिसले होते, की या एकट्या पेशींतही केंद्रकाची मधूनमधून नव्याने जुळणी होते. १९३६ साली विल्यम डिलर यांनी त्याचा नेमका उलगडा केला: पेशी स्वतःच्याच केंद्रकाचे अर्धसूत्री विभाजन करते आणि त्यातील दोन केंद्रके पुन्हा एकत्र आणते. या स्वयंयुग्मनालाही वाव दिला नाही, तर त्या जातीचा वंश शे-दोनशे विभाजनांनंतर क्षीण होत जाऊन संपतो, हे ट्रेसी सोनबॉर्न यांच्या प्रयोगांतून पुढे आले. पॅरामेशिअमची प्रत्येक पेशी दोन तरुण पेशींत विरून जाते म्हणून तिला म्हातारपण नाही, हे वाक्य मुलांच्या वह्यांत अजून सापडते. निदान या सजीवाबाबत ते खोडायला हवे.

स्पायरोगायरा पाहायला सूक्ष्मदर्शकाआधी बारव पुरते. मराठवाड्यात जुन्या बारवा गावोगाव आहेत, आणि पावसाळ्यानंतर भरलेल्या बारवेच्या पायऱ्यांशी जे हिरवे, हाताला बुळबुळीत लागणारे शेवाळ तरंगते त्यात बहुधा तेच सापडते. घागर आपटली, म्हैस उतरली, वाऱ्याने पाणी हलले की त्याचे तंतू तुटतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाढतो. तुकडा होणे हीच येथे पैदास. पाणी खाली जाऊ लागते तेव्हा मात्र शेजारी-शेजारी पडलेले दोन तंतू आडव्या नळ्यांनी जोडले जाऊन शिडीसारखे दिसतात. एका तंतूच्या पेशीतील सारा ऐवज नळीतून पलीकडच्या पेशीत जातो, आणि तेथे जाड भिंतीचा युग्मबीजाणू तयार होतो. अलीकडचा तंतू म्हणजे आता रिकाम्या पेशींचे सांगाडे. पुढे पाऊस पडून युग्मबीजाणू रुजतो तेव्हा त्यात तयार झालेल्या चार केंद्रकांपैकी तीन नष्ट होतात आणि एकच नवा तंतू निघतो. दोन पेशींमागे एक! येथे लैंगिक प्रजननाने संख्या चक्क निम्म्यावर आली. परंतु तो एक युग्मबीजाणू कोरड्या बारवेच्या तळच्या चिखलात उन्हाळा काढतो. हिरवा तंतू आठ दिवसही काढू शकला नसता.

हायड्राची गोष्ट याच धाटणीची आहे. अब्राहम ट्रेम्बले या जिनिव्हाच्या माणसाने १७४० च्या दशकात हॉलंडमध्ये हायड्राचे तुकडे करून प्रत्येकातून नवा हायड्रा वाढताना पाहिला, आणि प्राणी कशाला म्हणावे याचाच युरोपात वाद उठला. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झाले आहे. मला त्यातील एक बारकावा विशेष आवडतो: कळी सुटेपर्यंत आईची आणि तिची पोटाची पोकळी एकच असते, त्यामुळे आईने गिळलेल्या पाणपिसूचा रस कळीलाही पोचतो. अन्न मुबलक असेल तोवर कळ्या निघतात; अन्न तुटले किंवा पाण्याचे तापमान बदलले, की अनेक जातींत अंगावर वृषण आणि अंडाशय दिसू लागतात.

यीस्टमध्ये आई कोण आणि मूल कोण याचा निवाडा कायमचा लिहिलेला असतो. कळी सुटली की आईच्या भिंतीवर कायटिनचा गोल वण राहतो आणि त्या जागी सहसा पुन्हा कळी येत नाही. असे वीस-तीस वण झाले की ती आई थकते, मुली मात्र कोऱ्या सुरू होतात. किनवटकडे शिंदीच्या झाडाचा रस काही तासांत फेसाळतो तो याच कळ्यांच्या गर्दीमुळे. (निजामाच्या अबकारी उत्पन्नाला धक्का देण्यासाठी हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रह्यांनी शिंदीची झाडे तोडली, हा इतिहास इकडे घरोघर सांगतात, त्या उत्पन्नामागे राबत असलेल्या या पेशीचे नाव कोणी घेत नाही.) नत्र संपले आणि साखरही उरली नाही, की दुहेरी गुणसूत्रसंचाची यीस्ट पेशी कळ्या काढणे सोडून अर्धसूत्री विभाजन करते आणि एका पिशवीत चार टणक बीजाणू बांधून ठेवते.

साध्या सजीवांच्या यादीत बसत नसला तरी मावा वगळवत नाही, कारण करडई पेरणाऱ्या माणसाला ‘आभाळ आलं की मावा पडतो’ हे सांगावे लागत नाही. ट्रेम्बलेच्याच जिनिव्हातील शार्ल बॉने यांनी १७४० साली माव्याची एक मादी जन्मल्यापासून एकटी ठेवली, आणि नराचे तोंडही न पाहता तिने पिल्ले दिली. करडईच्या शेंड्यावर काळसर माव्याची मादी भिंगातून पाहिली तर ती जिवंत पिल्लू मागच्या बाजूने बाहेर ढकलताना दिसते, आणि त्या पिल्लाच्या पोटातही पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. ई. कोलायमध्ये जी घाई डीएनएच्या पातळीवर दिसली, तीच येथे अख्ख्या कीटकात दिसते. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की मावा नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या तयार करतो, आणि ती अंडी बर्फातला हिवाळा काढतात. उष्ण प्रदेशांत अनेक जातींत ही पायरी येतच नाही, वर्षभर माद्याच माद्यांना जन्म देतात. कडक हिवाळाच नाही तर त्याची तयारी कशाला?

हिवतापाच्या प्लास्मोडिअमबद्दल थोडेच सांगते. आपल्या रक्तपेशीत त्याचे बहुविभाजन होते: आधी केंद्रके वाढतात, मग पेशीद्रव वाटला जातो, आणि फाल्सिपेरम जातीत सुमारे ४८ तासांनी एका रक्तपेशीतून साधारण १६ ते ३२ जंतू बाहेर पडतात, थंडी वाजून ताप भरतो तो त्या वेळी. सरमिसळ मात्र तो डासाच्या पोटात करतो. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर या जंतूच्या पेशी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला दिसल्या, म्हणजे ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आम्हीही होतो त्याच मुलखात.

तर दुष्काळातच सरमिसळ का? पाठ्यपुस्तकी उत्तर असे, की परिस्थिती बदलली तर एकाच साच्यातील संतती एकाच फटक्यात जाईल आणि सरमिसळीतून आलेल्या वैविध्यात कोणीतरी तगेल. उत्तर खरे आहे, तथापि मला ते अर्धे वाटते. वरची उदाहरणे पुन्हा पाहिली तर युग्मबीजाणू, यीस्टचे बीजाणू, माव्याची हिवाळी अंडी या सर्वांना जाड कवच आहे. कवच आणि सरमिसळ या सजीवांत एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि कठीण काळात आधी उपयोगी पडते ते कवच. वैविध्याचा लाभ रुजल्यानंतरचा. शिवाय, वाढ तशीही थांबलेली असताना सरमिसळीत वेळ गेला तरी नुकसान फारसे होत नाही, हा साधा हिशेबही आहेच. सुकाळात तोच वेळ घालवणे महागात पडले असते. वसमतकडच्या हळदीला ही सोयच उरलेली नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे बी धरत नाही, बेणे म्हणून कंदच लावावा लागतो, आणि कंदकुज आली की सारे शेत एकाच ताकदीने तिला सामोरे जाते.

हा सगळा नियम ज्याच्यापुढे लंगडा पडतो तो सजीव म्हणजे डेलॉइड रोटिफर हा सूक्ष्म प्राणी. त्यांच्या चारशेहून अधिक जाती ठाऊक आहेत आणि एकीतही नर आजवर दिसलेला नाही. माद्या अफलित अंड्यांतून माद्याच देत कोट्यवधी वर्षे टिकल्या आहेत. दुष्काळ आला की हे प्राणी कवचाचे अंडे घालत बसत नाहीत, अख्खे स्वतःच सुकतात. सायबेरियातील गोठलेल्या मातीतून सुमारे २४,००० वर्षांनी जागे झालेले रोटिफर पुन्हा पिल्ले देऊ लागल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. सुकताना त्यांचा डीएनए जागोजागी तुटतो आणि ओले झाल्यावर सांधला जातो. त्यांच्या जनुकांपैकी आठ-दहा टक्क्यांच्या घरातील जनुके जिवाणू, बुरशी, वनस्पती अशा परक्या सजीवांतून आलेली दिसतात, आणि ती या सांधणीच्या वेळीच आत शिरत असावीत असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. तसे असेल, तर जोडीदाराशिवायही सरमिसळ झाली, आणि तीही दुष्काळातच.

ज्यांना हे पाहायचे आहे त्यांनी जुन्या वाड्याच्या किंवा गढीच्या भिंतीवरचे, उन्हाने करकरीत वाळलेले मॉस चिमूटभर काढून बशीत पाण्यात भिजत घालावे. औसा, धारूर, नळदुर्ग अशा संरक्षित किल्ल्यांच्या भिंती खरवडू नयेत. घराची गच्ची पुरते. काही तासांनी मॉस पिळून तळचा थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि १०० पट मोठे करून पाहावे. जळवेप्रमाणे अंग आखडत-ताणत चालणारा आणि मध्येच डोक्यावरची दोन चक्रे फिरवून पाणी ओढणारा प्राणी दिसला, तर तो हाच. पहिल्या थेंबात न दिसल्यास दुसऱ्या भिंतीचे मॉस घ्यावे, आणि शक्यतो पावसाळ्याआधीचे, कारण पूर्ण सुकलेल्या अवस्थेतून तो उठताना पाहता येतो.